अजून खोल

३ जून
आले एकदाची! त्वचेच्या पॅथॉलॉजीची विभागप्रमुख म्हणून दारावर पाटीसुद्धा लागली. खिडकी मोठी, मायक्रोस्कोप नवाकोरा, खुर्ची मात्र करकरते. करकरू दे. आई फोनवर म्हणाली, जन्मभर लोकांची कातडीच बघत बसणार आहेस का, एखादा माणूसही बघ की. हसून हसून पुरेवाट झाली.

७ जून
माझ्या आधी या खुर्चीत बसणारे मोठे सर भेटायला आले. लंगडतात, हातांवर जाड व्रण आहेत. म्हणाले, पहिल्या स्लाइडमध्ये दिसेल तेच लिही, ब्लॉक अजून खोल कापायला सांगू नकोस. का, विचारलं, तर म्हणे अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आता बोला. कातडीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मशीनवर त्याचे पातळ काप काढायचे आणि शंका आली की आणखी खोल कापायला सांगायचं, हेच तर आमचं काम. मी काही ऐकणार नाही.

११ जून
एका शिंपीणबाईंच्या तळपायावर काळा डाग आहे. बाई फटकळ. म्हणाल्या, लवकर सोडा, गिऱ्हाइकं खोळंबलीत. वरच्या कापात तसं काही नाही, पण कडेच्या पेशी मला आवडल्या नाहीत. 'साधा डाग' लिहिला आणि खाली कॅन्सर निघाला, तर ही बाई हसत घरी जाईल आणि मरेल. 'अजून खोल' लिहून ब्लॉक परत पाठवला. थोड्या वेळाने माझ्याच तळपायात चर्रकन झालं. मोजा काढला तर रक्त. खिळा लागला असेल.

१२ जून
खिळा नाही. चीर सरळ आहे, सुरीने काढल्यासारखी. नव्या स्लाइडवर शंका वाढली, खात्री होईना. पुन्हा 'अजून खोल' लिहिलं आणि पाय उघडा ठेवूनच बसले. शेजारच्या खोलीत मशीनचं चाक फिरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत चीर आत उतरली. मी किंचाळले. टेक्निशियन धावत आला, पाय बघून पांढराफटक पडला. म्हणाला, मोठ्या सरांनाही असंच व्हायचं, मग त्यांनी खोल काप मागणंच सोडलं.

१३ जून
सरांशी फोनवर कडाकडा भांडले. किती जणांना 'साधा डाग' म्हणून घरी पाठवलंत, विचारलं. ते रडायला लागले. म्हणाले, तूही तसंच लिही, जखम भरून येईल, बाईला कळणारही नाही. मला कळेल ना! भीती वाटते, खूप वाटते. पण आली अंगावर तर घेतली शिंगावर.

१४ जून
सुरी बदलली. मशीनच दुसरं आणवलं. काही उपयोग —
'अजून खोल.'
हाड दिसतंय. त्या पेशी आता जवळजवळ —

१५ जून
सापडला! कॅन्सरच. वेळेत सापडला. रिपोर्ट गेला, बाईंना मीच फोन केला. आधी मला शिव्या घातल्या, मग रडल्या. उद्या ॲडमिट होतायत. वाचतील.

मशीन सुरू झालंय. मी काही मागितलेलं नाही. टेक्निशियन तर इथे माझा पाय बांधतोय, मग चाक कोण —

पायाला नाही. वर. मानेपाशी —

काप मेल्या, काप. रिपोर्टवर सही झालीय माझी. आता तुझ्या बापालाही ती खोडता —