सात दिवसांची चौकशी

४ मार्च

घेतलं मला! साठीला टेकलेल्या शिंपीणबाईला आता कोण कशात घेतं, पण नव्या लसीच्या चाचणीत घेतलं. मास्तरीणबाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या, त्यांनीच हे पिल्लू सोडून दिलं – आणि स्वतः मधुमेहामुळे नापास झाल्या. डॉक्टरीणबाईंनी अकरा पानी कागद वाचून दाखवला. प्रत्येक पानानंतर विचारायच्या, समजलं का? मी म्हटलं, समजलं, अजून एकदा वाचलंत तर पाठही होईल.

६ मार्च

टोचलं. मुंगी चावल्याएवढंही नाही. लस होती की नुसतं मिठाचं पाणी, हे मलाही ठाऊक नाही आणि टोचणारीलाही नाही. नंतर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवलं. निघताना थर्मामीटर दिला, रोज भरायचं कार्ड दिलं आणि हातावरची सूज मोजायला प्लास्टिकची पट्टी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेणाऱ्या बाईला मोजपट्टी! घरी येऊन माझ्याच टेपने दंड मोजला. सूज नाही.

उद्यापासून सात दिवस संध्याकाळी सहाला तब्येत विचारायला फोन येणार. काही तक्रार निघाली तर बरं वाटेपर्यंत येत राहणार.

७ मार्च

सहाला फोन वाजला. "नमस्कार, लस केंद्रातून बोलतेय. आपला क्रमांक सांगाल का?"

आमची कार्टी! दोन वर्षांनी आवाज ऐकला, तरी पहिल्या शब्दाला ओळखला. मी क्रमांक सांगितला – एकशे सात.  मग कागद वाचावा तसं सुरू – ताप आहे का, मळमळ आहे का, हात दुखतो का. मी आपली प्रत्येक प्रश्नाला "नाही मॅडम". पोटच्या पोरीला मॅडम! फोन ठेवून आधी हसले, मग रडले, मग दोन बाह्या उलट्या शिवल्या.

दुकान तू चालव म्हटलं, तर म्हणाली होती, मला जन्मभर सुई-दोऱ्यात अडकायचं नाही. मी रागाच्या भरात म्हटलं, मग या घरात पाऊल टाकू नकोस. जन्मात माझं कधी ऐकलं नाही तिनं, नेमकं तेवढं ऐकलं. आणि गेली कुठे, तर सुयांच्याच ऑफिसात!

८ मार्च

ताप नाही. मळमळ नाही. तीन मिनिटं बोलली.

१० मार्च

आज विचारलं, झोप लागते का? कार्डावर हा प्रश्नच नाही, मी दोनदा पाहिलं. म्हटलं, लागते, पण उशिरा. तर म्हणाली, फार वेळ मशीनवर बसत जाऊ नका.

मशीन! मी शिवणकाम करते हे तिथे कुणाला सांगितलं होतं? म्हणजे तिनंही ओळखलंय. पण तीही बोलायला तयार नाही, मीही नाही. हट्टीपणा कुणाचा घेतलाय ते दिसतंच आहे.

१२ मार्च

उद्या शेवटचा फोन. आणि माझी प्रकृती ठणठणीत! आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तब्येतीचा राग आला. थर्मामीटर तीनदा लावला, आकडा जागचा हलत नाही. ती परत बोलली नाही तर मी काय करू?

१३ मार्च

सांगून टाकलं – डोकं दुखतंय. तेवढ्यावर भागलं असतं, पण माझी जीभ! डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही जोडलं. साध्या ब्लाउजलाही झालर लावायची खोड ती. तिनं ते दोनदा विचारून लिहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आज एकट्या राहू नका."

उद्याचा फोन पक्का! नाचायचं तेवढं बाकी होतं.

१४ मार्च

तीन फोन. तिसऱ्यात तिचा आवाज कापत होता. उद्या सकाळी केंद्रात बोलावलंय. कालची मजा गेली.

१५ मार्च

केंद्रात पोचले तर बाकावर चार माणसं ताटकळत बसलेली. माझ्या अंधारीचा छडा लागेपर्यंत सगळ्यांचं टोचणं थांबवलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, मला काहीच होत नाही, फोन बंद होऊ नये म्हणून बोलले. असं का, म्हणून त्यांनी विचारलं. दाराशी कार्टी उभी होती, चेहरा पांढराफटक.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

दोघींनाही चांगलं झापलं. घरच्या माणसाला फोन करायचाच नाही असा नियम आहे, तिनं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नोकरी राहिली, फोनचं काम गेलं. माझी थाप कार्डावरून खोडायचीही नाही म्हणे. तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. केली. मान वर केली तर ती निघून गेलेली. माझ्यापायी पोरीला चारचौघांत बोलणी बसली. फार वाईट वाटतंय.

१६ मार्च

सहाला शेवटच्या खातरजमेचा फोन. पुरुषाचा आवाज. सगळी उत्तरं खरी दिली. ठेवता ठेवता तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मुळात माझ्याच यादीत होतात. नावं नसतात आमच्याकडे, पण तिनं फोन नंबर पाहिला आणि तुम्हाला मागून घेतलं. बदल्यात माझे पंधरा फोन रोज तिनंच केले."

तिचा पत्ता विचारला. द्यायचा नसतो म्हणाला, आणि दिला. चपला घालूनच हे लिहितेय. निघाले.