डावीकडे कललेली

१ फेब्रुवारी

मशीन गेलं!

दाताच्या डॉक्टरकडून परत आले, अर्धं तोंड बधिर, आणि पाहते तर बोटीतल्या डाव्या बाकाजवळचा कोपरा रिकामा. फळीवर नुसता चौकोनी ठसा. आईचं हातमशीन — ज्याच्यावर तिने शाळाभरच्या पोरांचे गणवेश शिवले, ज्याच्यावर मी टाका घालायला शिकले, आणि नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा ज्याच्यावर दोन वर्षं आमच्या दोघांची पोटं चालली.

विचारलं, तर हा पाणसळ पुसत पुसत म्हणतो, "चौदा किलो होतं गं. शिडवाल्याला देऊन टाकलं. शिडं शिवायच्या कामाला तरी येईल."

न विचारता! मी तिकडे खुर्चीत आ वासून पडलेली असताना!

आणि याच्या वडिलांची ऐरण? सोळा किलो! भर समुद्रात ऐरण! "ती लागते," म्हणे. कशाला लागते? मासे ठोकणार आहेस तिच्यावर?

हे सगळं मनातल्या मनात. ओठ हलत नव्हते म्हणून वाचला.

२ फेब्रुवारी

बधिरपणा गेला, राग गेला नाही.

आठ महिने झाले या अठ्ठावीस फुटांच्या बोटीत संसार करतेय. घर विकलं, मी हूं की चूं केलं नाही. कपाट गेलं, पलंग गेला, सहा ताटांची दोन ताटं झाली. मार्चअखेर निघायचं, दोन वर्षं समुद्रावर. स्वप्न त्याचं, पण मीही हौसेने मान हलवली होती, खोटं कशाला लिहू? शिडं चढवायला शिकले, वारा ओळखायला शिकले. अट एकच घातली होती — मशीन बरोबर येणार. "येणारच की!" म्हणाला होता. काट्याला लटकवेपर्यंत येणार होतं!

कप्तानसाहेब प्रत्येक वस्तू ताणकाट्याला लटकवतात. माझ्या चपलासुद्धा लटकवल्या होत्या. बोटीच्या अंगावर खाली लाल रंग, वर पांढरा. लाल रंगात औषध असतं, त्यामुळे पाण्याखाली शेवाळ, शिंपले धरत नाहीत. पाणी बरोब्बर लाल-पांढऱ्याच्या सीमेवर टेकलं पाहिजे, चहूबाजूंनी सारखं. रोज सकाळी टेबलावर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आहे ना, ते बघतो. मगच चहा. तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होता. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर याला घास उतरत नाही.

तिरकं दिसलं तर.

५ फेब्रुवारी

शिडवाल्याच्या शेडमध्ये गेले होते. माझं मशीन त्याच्या मेजावर! मुठीला आईने गुंडाळलेली निळी चिंधी अजून तशीच आहे.

"काय मऊ चालतं हो बाई!" शिडवाला खूश. म्हटलं, परत द्या. तर म्हणतो, "साहेबांनी आपणहून दिलं. माझं मोठं मशीन दुरुस्तीला गेलंय, तोवर यावरच चाललंय माझं. आणि हातात आलेली वस्तू अशी नुसती कोण परत देतं? माझीही अडचण बघा की."

माणूस वाईट नाही. शिडाच्या कोपऱ्यात पितळी कड्या बसवत होता, धोंड्यावर ठेवून. धोंडा फुटला, कडी वाकडी झाली, पुन्हा दुसरी घेतली. ते शिड आमचंच होतं. म्हणजे माझ्या मशीनवर माझंच शिड दुसरा शिवणार, आणि मी बघत बसणार!

येताना बांधावरचा एक दगड उचलून पिशवीत घातला. वर पालेभाजी.

डाव्या बाकाखाली माझा खण आहे, आतल्या कपड्यांचा. तिथे हा जन्मात हात घालायचा नाही. दगड सगळ्यात खाली, त्यावर माझा पासपोर्ट, त्यावर कपडे.

६ फेब्रुवारी

दुसरा दगड. साडेतीन किलो. त्याच्याच काट्यावर तोलला!

९ फेब्रुवारी

आज चार झाले. आणि आज दिसलं!

सकाळी पाणसळ टेबलावर. हा बघतोय, डोळे बारीक करतोय, चष्मा पुसतोय.

"बुडबुडा सरकलाय."

"भरती असेल," मी म्हटलं.

"भरतीने बोट वाकडी होत नाही गं!"

"मग ओहोटी असेल."

चहा गार झाला त्याचा. मी माझा चांगला फुरके मारत प्यायले.

१३ फेब्रुवारी

पुस्तकं गेली! डाव्या फळीवरची सगळी. दर्यावर्दी लोकांची, वादळांची, बेटांची — वीस वर्षं जमवलेली. लटकवून बघितली, बारा किलो. एक हातात घेऊन बराच वेळ उभा होता, मग तेही खोक्यात टाकलं. वाचनालयात नेऊन दिली.

मी विचारलं, "सगळी? एकही न ठेवता?"

"बोट सरळ नको का राहायला?"

हो, हो, राहायला हवी ना! दुपारी आणखी एक दगड आणला.

१८ फेब्रुवारी

संगमरवरी बुद्धिबळाचा पट गेला. पितळी कंदील गेला. ऐरण मात्र आहे. तिच्याकडे नुसतं बघून पुढे जातो.

बोटीच्या तळाच्या फळ्या काढून दोन तास पालथा पडला होता. हातात विजेरी. "कुठे पाणी मुरतंय की काय," एवढंच पुटपुटत होता. वर आला तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले. मलम मीच लावलं. जरा जोरातच चोळलं.

त्याने ओरडायला हवं होतं, ओरडला नाही.

मला ऐरण जायला हवी आहे. त्याच्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत. त्याशिवाय माझं समाधान होणार नाही. मला कळलं पाहिजे की त्याला कळलं.

२२ फेब्रुवारी

दुसरा दात काढला. ताप, गाल फुगलेला, दिवसभर पडून होते. भात मऊ करून भरवला त्याने. भरवू दे. मशीन देताना हे हात कुठे गेले होते?

धुणंसुद्धा त्यानेच केलं. जागी झाले तर माझ्या कपड्यांच्या घड्या बाकावर नीट रचलेल्या. पहिली नजर खणाकडे गेली! पण खण बंद होता, घड्या बाहेर होत्या. उघडलेला नाही. लाजतो अजून, चाळीस वर्षं झाली तरी. बरं झालं.

२६ फेब्रुवारी

नववा दगड. एकूण चौतीस किलो. खणात आता रुमाल ठेवायलाही जागा नाही.

चार दिवस झाले, पाणसळ बाहेर काढलेली नाही. सकाळी मुकाट चहा पितो. ग्लास आपोआप डावीकडे घसरतो, तो धरून ठेवतो. हरला! काय मजा आली सांगू!

धाकटीला फोन केला. मागची खोली झाडून ठेव म्हटलं.

"का गं ताई? तुम्ही तर निघताय ना?"

"तो निघतोय."

तिला सांगितलं सगळं. धक्का सोडताना शेवटचा दोर मी सोडते आणि मग उडी मारून बोटीवर चढते. दहा वेळा तालीम झाली आहे आमची. मार्चअखेर दोर सोडीन. उडी मारणार नाही. धक्क्यावर उभी राहून बघीन — तो, त्याची वाकडी बोट, त्याची ऐरण, आणि मधलं वाढत जाणारं पाणी.

"ताई, अगं मशीनसाठी?"

"मशीनसाठी नाही. विचारलं नाही म्हणून."

 ती म्हणाली, खोलीला पडदे नाहीत. म्हटलं, शिवीन. आणि मग आठवलं की कशावर शिवणार! फोन ठेवून रडले. रागानेच रडले.

२ मार्च

याला वेड लागलं आहे का?

सकाळी सात-सात लिटरचे दोन कॅन पाण्याने भरले आणि डाव्या बाकाजवळ, मशीनच्या ठशावर आणून ठेवले! बोट डावीकडे कलते आहे आणि हा आणखी डावीकडेच पाणी भरून ठेवतो!

"इथे कशाला?"

"असू दे. तू मध्ये बस. तासभर हलू नकोस."

मला बसवलं शिडाच्या खांबापाशी आणि स्वतः रबरी होडीत उतरून बोटीभोवती फिरला, हातात सुताराची जाड पेन्सिल. पाणी जिथे टेकलं होतं तिथे खुणा करत होता. हात भिजलेला, शर्ट भिजलेला, जीभ दातात धरलेली. मी काचेतून बघत होते. शाळेतलं पोर चित्र काढतं तसा दिसत होता. मला हसू आलं. लगेच आवरलं.

वर आल्यावर कॅन ओतून दिले.  मी विचारलं नाही, कशाला ते. आमच्यात कोण कोणाला काय विचारतं!

५ मार्च

ऐरण गेली!!

माझ्या डोळ्यांदेखत. आधी तिला तेल लावलं, मग जुन्या बनियनने पुसली. पंधरा मिनिटं पुसत होता. वडिलांच्या घणाचे वळ आहेत तिच्यावर, ते अंगठ्याने चाचपले. मग पोटाशी धरून धक्क्याने निघाला, पाठीत वाकून, दर दहा पावलांना थांबत. शिडवाल्याच्या शेडपर्यंत. मी वर उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. नजर हलवली नाही.

परत आला तेव्हा हात मोकळे.

"दिली?"

"दिली."

"वडिलांची होती."

"हो."

एवढंच! माझ्याकडे बघितलं, आणि भांडी घासायला घेतली.

मी जिंकले. फिट्टंफाट झाली. लिहून ठेवते म्हणजे उद्या खोटं वाटायला नको.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. दाताने असेल.

६ मार्च

दाताने नाही.

पण त्याने एकदा म्हणावं ना, चुकलो! दोन शब्द. जीभ झिजते का? म्हणत नाही. म्हणून मीही उडी मारणार नाही. ठरलं ते ठरलं.

१२ मार्च

आज क्रेनने बोट उचलली आणि आवारात लाकडी घोड्यांवर ठेवली. खालून नवा रंग लागायचा आहे. तोवर बोटीत राहता येत नाही. हा रंगाऱ्याच्या शेडमध्ये झोपणार, मी पाच दिवस धाकटीकडे.

दोन पिशव्या भरल्या. पाच दिवसांसाठी कोणी एवढं नेत नाही, त्याने बघितलं. त्याच्या नजरेतून सुटतं काय? दोन्ही पिशव्या उचलून रस्त्यापर्यंत आणल्या. लटकवल्या नाहीत काट्याला!

"येशील ना?" म्हणाला.

"कपडे आहेत इथे अजून," मी म्हटलं.

१४ मार्च

धाकटीच्या मागच्या खोलीत आहे. जमीन हलत नाही, त्यामुळे चक्कर येते. काय म्हणावं याला!

पासपोर्ट बोटीतच राहिला, त्या खणात. तो आणायला हवा. दोर सोडायच्या आधी तो माझ्या हातात हवा, नाहीतर माझं नाव, माझा फोटो त्याच्याबरोबर जगभर फिरत बसेल.

१६ मार्च

न कळवता, एक दिवस आधीच आले. हा आवारात नव्हता. रंगारी एकटाच शिडीवर.

बोटीच्या समोर उभी राहिले आणि बघतच राहिले. लाल रंग डावीकडे दोन इंच वर चढलाय! लांबून आंधळ्यालाही दिसेल! येणारे-जाणारे थांबून हसताहेत.

"अहो, तुमची पट्टी चुकली!"

"चुकली नाही बाई. साहेबांनीच पेन्सिलीने मारून दिलीय. मी दोनदा विचारलं, लोक हसतील म्हटलं. तर म्हणाले, डावीकडे हिचं वजन आहे, ते तिथेच राहणार, त्याला कोणी हात लावायचा नाही. अठ्ठेचाळीस किलो."

"चौतीस," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"हो, चौतीस आत आहेत. चौदा आणायला शिडवाल्याकडे गेलेत ते, ऐरणीच्या बदल्यात. त्याचं मोठं मशीन आलं म्हणे दुरुस्त होऊन."

मेला! धड सूडसुद्धा घेऊ देत नाही!

शिडी चढून आत गेले. खण उघडला. पासपोर्ट दगडांवरच होता. तिथेच राहू दिला.