नाचता येईना, रांग वाकडी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (या वेळी शब्दशः, कारण हे पत्र जमिनीवर पालथं पडून लिहितोय, खुर्चीवर बसवत नाही). तुझी तब्येत, तुझी झोप आणि तुझा राग, तिघांची खुशाली कळव.

हल्ली संध्याकाळी मी फोन का उचलत नाही, म्हणून विचारत होतीस. तर ताई, मी नाचायला जातो. हसून घे. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं स्टुलावर बसून जे पोट कमावलं, ते पाहून डॉक्टरांनी तंबी दिली आणि तुझ्या भावजयीनं परस्पर माझं नाव नाचाच्या व्यायामवर्गात घातलं. तिथे तीस बायका, आणि पुरुष म्हणून मी आणि मधला खांब. पंधरा दिवस मी त्या खांबाच्याच आश्रयाला होतो. हात कोपरापासून हलवायचे, उडी आली की बुटाची नाडी बांधायला बसायचं, गाणं संपलं की सगळ्यांआधी पाण्याची बाटली गाठायची. घाम म्हणशील तर टिपकागद भिजणार नाही एवढा. आणि वर घरी कुरकुर, की या व्यायामात काही राम नाही!

शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी (वयानं माझ्या दुकानातल्या स्टुलाहून लहान, पण आवाज असा की खांबानंही ताठ उभं राहावं) गाणं थांबवलं. म्हणाल्या, "काका, नाचताय की बसची वाट बघताय? पुढे या. हात डोक्याच्या वर, गुडघे वाकवून, तोंडानं गाणं म्हणत. दम लागला तर पावलं छोटी करा, पण थांबायचं नाही."

गेलो पुढे. माझी उजव्या-डाव्याची बोंब तुला ठाऊकच आहे. सगळ्यांनी उजवीकडे गिरकी घेतली, मी डावीकडे, आणि थेट पोस्टातल्या कडक बाईंसमोर, नाकाला नाक! (पाकिटावर तिकीट वाकडं लावलं तरी या परत पाठवतात.) गडबडून त्याही चुकल्या, त्यांचं पाहून शेजारीण, असं करत अख्खी रांग उलटी फिरली. म्हटलं, आता गच्छंती. पण पोस्टातल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "पुन्हा करा हो, अस्संच!" मग आम्ही ते गाणं उलट्या बाजूनं तीनदा केलं, हात उंच करून, ओरडत. ताई, सदरा पिळून वाळत घातला. लाज गळली की घाम आपोआप गळतो.

त्या दिवशी तीन मजले न थांबता चढलो. दार उघडंच होतं. रोज मी कितव्या पायरीला थांबतो, हे तुझी भावजय दाराआडून ऐकत असते, हे मला तेव्हा कळलं. तिनं कढत पाणी काढून दिलं.

तुझा,
धाकटा

ता.क. वजनाचं विचारू नकोस. एक किलो वाढलंय. वर्गानंतर भूक फार लागते.

आणखी ता.क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यात वर्गाचा कार्यक्रम आहे, जोडीनं नाचायचा. तुझ्या भावजयीनं हात जोडले. तुझी लेक सांगत होती, भाऊजी गेल्यापासून तू उंबरठा ओलांडलेला नाहीस. मी दोन नावं देऊन आलोय, दुसरं तुझं. गुडघ्यांची सबब चालणार नाही, बाईंनी खुर्चीवर बसून करायचा नाच मुद्दाम तुझ्यासाठी बसवलाय. शनिवारी घ्यायला येतोय. बूट आणून ठेवलेत. मोठे झाले तर दोन मोजे घाल.