नाझनीनला विचारलंच नाही

सातारा, ९ जानेवारी २०२४

चि. मुग्धास अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस आणि मी ऐकू न येताच हो हो म्हणतो, म्हणून हे पत्र. केदारची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आपल्या दोघांच्या मधुमेहामुळे आपली चालत नाहीत. सूनबाईचं जुळतं हे कळल्यावर मी बजबज गावी तिच्या वडिलांना, मुनीरसाहेबांना, लिहिलं. त्यांच्यात मुली वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर नसतात, म्हणून मुलगी मागावी तशी रीतसर परवानगी मागितली. सोबत कंदी पेढे पाठवलेत. तू बालीगंजहून न्यू टाउनला भावाकडे जात राहा.

तुझ्यावर जीव असलेला,
बाबा

बालीगंज, २ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

पेढे पोचले. बाबा, काय करून बसलात! मुनीरकाका तुमचं पत्र घेऊन मौलानांकडे गेले. ते म्हणाले, शरीर ही अल्लाची अमानत. ते ना बापाच्या मालकीचं, ना नवऱ्याचं. जिचं शरीर, राखण तिच्याकडे. जीव वाचवायला असं दान पुष्कळ आलिम, म्हणजे धर्मपंडित, मान्य करतात, काही करत नाहीत. पण भीड घालून घेतलेलं कोणालाच मान्य नाही. तिने दिलं तर पुण्य, नाही दिलं तर गुन्हा नाही. आधी तिला विचारा.

काका तसेच न्यू टाउनला आले आणि त्यांनी तिला विचारलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं हो. रक्त जुळलं म्हटल्यावर आपण सगळे धरूनच चाललो होतो. नाझनीन रडरड रडली आणि नाही म्हणाली. तिची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती, ती भीती तिच्या मनातून जात नाही. केदारने तिचा हात धरला आणि म्हणाला, बोललीस ते बरं केलंस. मला मात्र तिचा राग येतो. येऊ नये हे कळतं, तरी येतो. डायलिसिस चालू आहे.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
मुग्धा

सातारा, २१ ऑगस्ट २०२४

चि. नाझनीनस अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायला गेलो आणि हात थांबला. हे पत्र मुग्धा तुला वाचून दाखवील. केदारला जाऊन महिना झाला. मला प्रवास झेपला नाही, त्याचं तोंड पाहता आलं नाही. खोटं कशाला बोलू, तुझं 'नाही' मला अजून सलतं. रात्र रात्र तुला दोष देतो. सकाळी आठवतं, आम्ही तुला विचारलंच नव्हतं, आणि तुझा नवरा तुझ्या बाजूने उभा राहिला. पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

त्याच्या थोड्या अस्थी तू ठेवून घेतल्यास, असं मुग्धा सांगते. त्या घेऊन तू इथे यावंस, आपण दोघांनी त्या संगम माहुलीला कृष्णेत सोडाव्यात, असं मला फार वाटतं. या वेळी तुझ्या वडिलांना लिहिलेलं नाही. तुलाच विचारतो. येशील?

नाही म्हणालीस तरी चालेल.

माझा लोभ आहेच. तुझाही असायलाच हवा, असं नाही.

केदारचे बाबा