फादर, तुमचं ते लॅटिन

फादर, आज वणीहून सामान आलं. जाडं मीठ एक किलो, वीस रुपये. पांढऱ्या मेणबत्त्यांचं पाकीट, साठ. आणि ऑलिव्ह तेलाची बोटभर बाटली, एकशे नव्वद. बाटली हातात घेऊन मी जरा वेळ उभीच राहिले. तुम्ही आमच्या घरच्या खोबरेलावरच आशीर्वाद मागायचे आणि देवानं कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. पण नव्या फादरांनी चिठ्ठीत ऑलिव्ह लिहिलं, मी ऑलिव्ह मागवलं. उद्या दुपारी मागच्या गल्लीतल्या एका सुनेवर सैतान घालवायची प्रार्थना आहे. बिशपांची परवानगी आली आहे, आणि सुनेच्या उशाशी मला बसायचं आहे. बाईवर प्रार्थना होताना जवळ एक बाई पाहिजेच, हा तुमचा नियम नव्या फादरांनीही ठेवलाय.

तुमच्या माघारी आलेले हे नवे फादर तुमच्याच केरळातले. वयानं माझ्या धाकट्याएवढे, पण मन मोठं आहे. परवा चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला बसवून सगळी प्रार्थना वाचून दाखवली, ऐनवेळी मी घाबरू नये म्हणून. सगळी मराठीत टाईप करून आणलेली. मधे एक ओळ आली, तू कोण आहेस, तुझं नाव सांग. सुनेच्या घरात सगळे जण त्याच प्रश्नाची वाट पाहून राहिलेत. सासू चक्कीवर उघड म्हणते, "एकदा नाव येऊ द्या, मंग पाहतो आमी." करणी केली म्हणून कोणाचं नाव यायला पाहिजे तेही गल्लीनं ठरवून ठेवलंय. त्यांच्या शेजारी पापड लाटून पोट भरणारी एकटी बाई राहते. सून पहिल्यांदा झटका येऊन पडली त्याच्या आदल्या दिवशी तिनं सुनेला भाजका पापड दिला होता, एवढाच तिचा गुन्हा. कालपासून तिचं दार बंद आहे. मी मुद्दाम दोनदा तिकडून गेले, आत फोडणीचा वास नाही, भांड्याचा आवाज नाही. असं बंद दार आतून कसं दिसतं ते मला माहीत आहे, फादर.

लग्न होऊन मी खाणीच्या कॉलनीत आले तेव्हा आमच्या लाईनीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. समोरच्या क्वार्टरातली चौदा-पंधरा वर्षांची पोरगी दिवसभर माझ्या मागं मागं असायची. राखेच्या बुधवारी मी चर्चमधून आले तर ती उंबऱ्यातच उभी. "वहिनी, हे काय लावलं कपायाले?" मी सांगितलं, आमचे उपासाचे दिवस लागले, माणूस मातीचाच आहे याची ही आठवण. "मले बी लावा ना," म्हणाली. मी हसत हसत माझ्याच कपाळाची राख बोटानं पुसून तिच्या कपाळाला लावली. त्याच आठवड्यात ती नळावर पडली. दातखीळ बसली, डोळे फिरले, आणि बापाहून जाड आवाजात बोलायला लागली. घरच्यांनी भगत आणला. त्यानं लिंबू उतरवून विचारलं, कोण हायेस तू, तुले कोणी धाडलं? पोरगी म्हणाली, समोरचीनं, राख लावून.

त्यानंतर नळावर माझी घागर कोणी पुढं सरकू दिली नाही. दारावर शेण आलं. येत्या शनिवारी समोरचीला बाहेर काढायचं, असं ठरल्याचं यांच्या कानावर आलं. बाहेर काढायचं म्हणजे काय ते कोणी बोलत नव्हतं आणि मी विचारलं नाही. मी दार लावून बसले. धूर दिसला तर म्हणतील काहीतरी जाळून राहिली, म्हणून स्टोव्हसुद्धा पेटवला नाही. यांच्यापुढे पाव ठेवायची आणि माझं झालं म्हणायची. शेवटी हे ड्यूटी सोडून सायकलवर तुमच्याकडे आले.

तुमची फटफटी लाईनीत आली ती सरळ समोरच्या दाराशी थांबली. आधी माझ्याकडे आला नाहीत याचा मला तेव्हा फार राग आला होता. मग तुम्ही मला बोलावणं धाडलं. अंगणात सगळी लाईन गोळा झालेली, आणि तुम्ही मधे उभे राहून उजवा अंगठा सगळ्यांना दाखवताय. तुमच्या मराठीला स्त्री-पुरुष कधी कळलाच नाही.

"राख माझा," तुम्ही म्हणालात. "हिच्या कपाळावर मी लावला. हिनं पोरीला दिला. मग पहिला नाव माझा. काढा मला बाहेर."

मग एक म्हातारा म्हणाला, "फादरले कोण बाहीर काढीन, ते फटफटीवर पळून जातीन." चार जण हसले आणि अंगणातली हवा जरा ढिली झाली. पोरीची आई तेवढी हसली नाही. प्रार्थना करा म्हणाली, पण हिले कायले पोरीजवळ बसवता? तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाव हिचा आला ना? मग डोळ्यासमोर असलेला बरा."

मी बसले. पोरीचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा. तुम्ही मीठ घातलेलं पाणी शिंपडलं तेव्हा ती अशी ओरडली की माझ्या हातून हात सुटणारच होता. तुम्ही डोळ्यांनी दटावलं. तुमचा आवाज चढत गेला, मग एकदम खाली आला, आणि सगळ्या अंगणानं माना पुढं केल्या, कारण आता नावाचा प्रश्न येणार हे भगतामुळे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही आम्हा दोघींच्या मधे वाकलात आणि हळूच काहीतरी विचारलं. निनक्कु विशक्कुन्नुण्डो मोळे. मागून कुजबुज झाली, लॅटिन हाय, लॅटिन. पोरगी तुमच्याकडे पाहत राहिली. नाव काही आलं नाही. त्याच म्हाताऱ्यानं ठरवून टाकलं की भूत अडाणी आहे, त्याला लॅटिन येत नसेल. तुम्ही थोडं थांबलात आणि पोरीच्या आईला विचारलं, भात आहे का? दोन ताटं आणायला लावलीत. एक पोरीपुढे ठेवलं, एक माझ्या मांडीवर. आणि वाढायचं आईनंच, तुम्ही तिच्या हातून डाव घेऊ दिला नाही कोणाला. तिनं वरण वाढलं, पोरीला आणि मला, सगळ्या लाईनीसमोर. त्यानंतर मला चेटकीण म्हणणं तिला जमलं नाही, आणि तिला जमलं नाही म्हणून कोणालाच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पोरीला वणीच्या दवाखान्यात नेलंत, गोळ्या सुरू केल्या, आणि प्रार्थनाही सोडली नाही. बरी व्हायला तिला वर्ष लागलं. आता चंद्रपूरला असते. नाताळला फोन करून अजून वहिनीच म्हणते.

मग तुम्ही मला प्रत्येक वेळी बसायला बोलवायला लागलात. तुमच्या त्या चर्चमागच्या स्वयंपाकघरात गुळाची काळी कॉफी व्हायची. मला ती कधीच आवडली नाही, पण तुम्ही इतक्या हौसेनं ओतायचे की मी दोन कप प्यायची. एकदा एका बाईच्या प्रार्थनेला मी पुण्य म्हणून निर्जळी उपास करून आले, तर तुम्ही रागावलात. माझ्यावर तेवढे एकदाच रागावलात. उपाशी माणसानं उपाशी माणसाचा हात धरला तर दोघं पडतात, म्हणालात. उपास मी करतो, तू जेवून येत जा. आणि मला दारातून परत पाठवलंत. मी विचारलंही होतं एकदा, तुम्ही भाकरीवर जवसाची चटणी घेऊन बसला होता तेव्हा, की फादर, नाव लॅटिनमधे कायले विचारता? तुम्ही बोट चाटून म्हणालात, "सैतान खोटारडा. खोटारड्याला नाव विचारून खरा नाव येतो का?" मग लॅटिनमधे काय विचारता, म्हटलं, तर म्हणालात, ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि आणखी चटणी मागितलीत.

हे सगळं आज मी नव्या फादरांना जाऊन सांगितलं. मॅट्रिक झालेल्या बाईनं फादरांना प्रार्थना शिकवायची म्हणजे जीभ जड होते, पण ते बंद दार डोळ्यापुढून हलेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पापडवाल्या बाईचं ऐकून तर उठून उभेच राहिले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "पण आंटी, मला लॅटिन येत नाही."

मी म्हटलं, मला पाठ आहे, इतक्या वेळा ऐकलंय. आणि म्हणून दाखवलं.

ते आधी हसले. मग चष्मा काढला आणि पुन्हा म्हणायला लावलं. "हे लॅटिन नाही," म्हणाले. "मलयाळम आहे. मी सुट्टीत घरी गेलो की माझी आई दारातच विचारते. तुला भूक लागली आहे का, पोरी?"

मग त्यांनी टाईप केलेल्या कागदावर त्या नावाच्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, नाव देवाला माहीत आहे, बिशपांना मी सांगतो, उद्या मी हेच विचारतो. सुनेला डॉक्टरकडे नेण्याचंही तेच पाहणार आहेत. मी एवढंच ठरवलंय की जाताना पापडवाल्या बाईचं दार वाजवायचं आणि तिला हाताला धरून सोबत न्यायचं. ती दार उघडेल की नाही माहीत नाही. न उघडलं तर उघडेपर्यंत पायरीवर बसेन. भात मात्र मी घरून नेणार नाही. तो त्या सासूच्याच चुलीवर शिजला पाहिजे आणि तिनंच वाढला पाहिजे, एवढं तुमच्याजवळ बसून शिकले.

एक गोष्ट मी यांनाही कधी सांगितली नाही, फादर. त्या दिवशी माझ्या पोटात दोन दिवसांपासून अन्न नव्हतं. तुम्ही वाकून विचारलंत तेव्हा भाषा कळली नाही, तरी माझी मान हो म्हणून हलली होती. भीतीनं हलली असेल असं मी आजवर समजत होते. मोळे म्हणजे पोरी, असं नवे फादर सांगतात. तिथं तर आम्ही दोघी बसलो होतो. तुम्ही विचारलंत ते तिला की मला? हे पत्र टाकायला पत्ता नाही माझ्याजवळ, तरी तेवढं उलट टपाली कळवा.