राखेचा डबा

माय, सगळं तूच शिकवलंस आणि नेमकं जे लागत होतं तेच शिकवलं नाहीस. वारा सुटायच्या आत भात उतरवून चूल विझवायची, हे शिकवलंस. तनशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग घरापासून तीस पावलं लांब, आणि ती पावलं मोठ्या माणसाची मोजायची, हे शिकवलंस. उन्हाळाभर दाराशी दोन रांजण भरून ठेवायचे, तहानेनं जीव चालला तरी त्यातलं पाणी प्यायचं नाही, ते आगीचं. छप्पर पेटलं तर गवत ओढून पाडायला आकड्याचा बांबू भिंतीला टेकवून ठेवायचा. सगळं शिकवलंस. पण आग आपल्याच हातानं लागली तर चार लोकांत तोंड कसं उघडायचं, ते कायले नाही शिकवलं? महिना होत आला, मी तुझ्यावर रागावून बसले आहे. चौथी शिकलेली बाई मी, जुन्या वहीचं पान फाडून लिहून राहिले. चुकलं तर तसंच वाच.

जयंतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घर सारवायचं होतं, विहारात जेवणाचं पाहायचं होतं, मोहाची फुलंही वेचायची होती. मला एका दिवसात सगळं पाहिजे, तुला माहीत आहे. घरात गॅस आहे, सून त्याच्यावर करते, पण आंघोळीचं पाणी माझं अजून चुलीवरच. चूल सारवायची म्हणून मी राख घमेल्यात भरली, घरामागं सांदवाडीत नेली आणि गोठ्याच्या कुडाला लागून ओतली. तनीसही तिथंच रचलेली. तीस पावलं कुठली, पाचही नव्हती. राखेत हात घालून पाहिलं नाही. तू जन्मभर पाहिलंस. "इस्तो झोपते बाई, मरत नाही," म्हणायची आणि उघडा हात मनगटाच्या वरपर्यंत राखेत खुपसायची, तळाशी ऊब लागली की पाणी ओतायची. तुझी नखं मरेपर्यंत करडी होती. मला वाटलं राख थंड आहे. खरं सांगू? वाटलंही नाही. वाटायला वेळच दिला नाही मी.

दुपारी वारा सुटला आणि तनीस पेटली. मी अंगणात उभी राहून नुसती बोंबलत होते. दाराशी रांजण नव्हते, नळ आल्यापासून कोण भरते? आणि दुपारी नळाला पाणी नसते. आकड्याच्या बांबूवर मीच कपडे वाळत घालायची, तो कुठं गेला काय माहीत. सून मात्र विळा घेऊन गोठ्यात शिरली. कालवडीचं दावं कापून तिला ढकलत बाहेर आणलं, तेव्हा पोरीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. लोकांनी बोअरवरून बादल्या आणून विझवलं, तोवर गोठा बसला होता आणि सैपाकघराचं अर्धं छप्पर गेलं होतं. मग शेजारीण मला विचारते, "लागली कशी वं?" घमेलं तिथंच पडून होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. आणि तोंडातून निघालं, "सुनेनं मोबाईल लावला असन चार्जिंगले. बोर्ड गोठ्याच्याच भिंतीले आहे ना." शेजारीण म्हणाली, "आताच्या पोरी बाई! नवरा उपाशी राहिला तं चालते, मोबाईल नाही राहिला पाहिजे." लोक हसले. जळक्या गोठ्यापुढं उभे राहून हसले, आणि माय, मी पण हसले. सून हाताला ओलं फडकं गुंडाळून उभी होती. दुसऱ्या दिवशी तलाठी आला आणि शॉर्ट सर्किट लिहून गेला. कागदावर आलं की लोकांसाठी खरं झालं.

तिसऱ्या दिवशी सून घमेलं घेऊन माझ्यापुढं उभी. "आई, हे तनशीपाशी पडून होतं. कुठी ठेवू?" मी म्हटलं, "ठेव कुठीबी." तिनं ते डाव्या हातानं घासलं, धुतलं आणि चुलीपाशी पालथं ठेवलं. तिला ठाऊक आहे. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला जमते. पण हिनं घमेलं धुऊन ठेवलं. तिकडं लेकानं तिचा मोबाईल काढून घेतला आणि चिचगडला तिच्या बापाला फोन लावला. पौर्णिमेला या, चार माणसांत बोलू आणि पोरीला घेऊन जा. "घर जाळणारी बाई मले नको," म्हणते. तो हे बोलला तेव्हा मी जेवत होते. जेवतच राहिले. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते तर चौथं शील आलं की माझे नुसते ओठ हलतात. खोटं न बोलण्याचं कोणत्या तोंडानं म्हणू?

तुझा डबा आठवते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू बसनं आलीस, अर्जुनीपासून पुढं पायी. पिशवीत तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला झाकण करवून घेतलेलं. नणंदा म्हणाल्या, "वहिनीच्या मायनं दागिने आणले वाटते!" उघडून पाहतात तर आत काही नाही. तू सरळ सांगितलंस, "राखेचा हाये. राख एक दिवस ह्याच्यात राहू देजो, मंग फेकजो." घर हसायला लागलं. तेवढ्यानं झालं नाही, चहा पिऊन तू सासऱ्यासमोर घरापासून तनशीपर्यंतची पावलं मोजायला लागलीस. तुला पोचवायला आले तेव्हा रस्त्यात मी म्हटलं, "माही इज्जत काढली तू. आता येशीन तं रिकाम्या हातानं ये." मग तू एकदाच आलीस. खरंच रिकाम्या हातानं. लेकीकडं येताना बाई पदरात चार चिंचा तरी बांधून आणते. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलीस, तनशीकडं एकदा पाहिलंस आणि मला पावसापाण्याचं विचारलंस. त्याच पावसाळ्यात तू गेलीस. डबा मी फेकला नाही, पण त्यात राखही घातली नाही. कोंबडी बसवली होती त्यात. आज घासून काढला, चुलीतली राख त्यात भरली आणि पहिल्यांदा हात घातला. थंड होती. तरी लवकर काढावासा वाटला नाही.

हात आत असतानाच एक गोष्ट आठवली. तू नवी नवरी असताना आपल्या गावातली घरांची ओळच्या ओळ जळाली होती. तू सांगायचीस, "कोन्या बाईनं राख फेकली." मी लहान होते, विचारलं, "कोन्या बाईनं?" तू म्हणालीस, "होती एक. तू भांडे घास." मी पुन्हा विचारलं तर पाठीत धपाटा दिलास. दुसऱ्या कशासाठी तू मला कधी मारलं नाहीस. ती बाई कोण होती, माय? तू होतीस का? असशील तर कोणाला सांगितलंस, का दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेलं ते, आणि तू जन्मभर राखेत हात घालत बसलीस?

आपल्यात मेलेल्यांना बोलवत नाहीत, मला ठाऊक आहे. हा कागद कुठं जाणार नाही, डब्यातच झाकण लावून ठेवते. पण पौर्णिमा गुरुवारी आहे आणि सुनेचा बाप सकाळच्याच बसनं येऊन राहिला. म्हणून बुधवारी दिवे लागायच्या आत मला सांग, ती बाई तू होतीस का नाही. नाही सांगितलंस तर गुरुवारी मला माझ्याच मनानं बोलावं लागेल, आणि माझ्या मनाचा मला भरोसा नाही.