माझा स्टेम, यांची सायकल

रविवार संध्याकाळ, घोडेगाव

स्टेम मी निवडला होता. सायकलचं हँडल धरून ठेवणारा चार बोटांचा तुकडा तो. माझी पाठ दुखते म्हणून आखूड, घाट चढायचा म्हणून हलका. काल यांनी तो स्वतःच्या सायकलला लावून टाकला. वर मित्रासमोर म्हणाले, "हिला हलकं कशाला पायजे? डिंभ्याच्या पुढं तर जात न्हाई." मित्र हसला.

मी एवढंच म्हटलं, "अहो, बाजूचे बोल्ट ढिले वाटतात."

"जास्त आवळलं तर तडकंल. तू नको शिकवू मला."

आज सकाळी हे आत बूट घालत होते, तेव्हा मी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहिलं. सरकलं. चाक जागेवर आणि हँडल तिरकं. मी ते परत सरळ केलं. काही बोलले नाही. का नाही बोलले? विसरले, असं इथे तरी कशाला लिहू?

भीमाशंकरहून येताना तळेघरच्या उतारावर हँडल वळलं, चाक सरळ गेलं. यांच्या खांद्याचं हाड मोडलंय. मित्राचा फोन आला तेव्हा मनात पहिलं आलं, स्टेमला काही झालं नाही ना?

आत्ता यांना भात भरवत होते. हे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "तू सांगितलं व्हतंस. मीच ऐकलं न्हाई."

"असू द्या," म्हटलं, आणि पुढचा घास दिला.

फार अपराधी वाटतंय यांना. वाटू दे.